अंगठ्याचं नख : मुद्दल आणि व्याज
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



"सोहळ्यात नखावर काय बोलणार?" असं आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं. पण आपल्या बोईसरला एमआयडीसीत दिवसभर सेफ्टी शूज घालणारी मंडळी पुष्कळ, आणि माझ्यासारखे मधुमेही तर प्रत्येक विंगमध्ये. म्हणून बोलतोच.

बँकेत असताना पालघर-बोईसर ये-जा असायची. बूट आवळ, त्यात नखाचे कोपरे खोल कापायची सवय. उजव्या अंगठ्याचं नख मांसात रुतलं, पू झाला. एका दवाखान्यात अख्खं नख काढलं. वाटलं, सुटलो! वर्षभरात नवं नख आलं आणि त्याच कोपऱ्यात रुतलं. मुलीच्या लग्नाची गडबड होती, म्हणून दोन महिने मोज्यात लपवलं.

शेवटी सर्जनकडे गेलो. त्यांनी समजावलं ते माझ्या बँकेच्या डोक्यात लगेच शिरलं. नुसतं नख काढणं म्हणजे व्याज भरणं. मुद्दल म्हणजे मूळ, ते कातडीखाली तसंच राहतं.

त्यांनी तीन मार्ग सांगितले. पहिला, फक्त रुतलेली पट्टी काढून तिथल्या मुळाला फेनॉल लावायचं. फेनॉल म्हणजे कार्बोलिक ॲसिड, जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमेवर जंतुनाशक म्हणून वापरलं तेच. टाके नाहीत, पण जखम दोन-चार आठवडे पाझरते. दुसरा, मूळ आणि शेजारचं मांस पाचरीसारखं कापायचं; यात टाके येतात आणि नंतर दुखतंही जास्त. तिसरा, नखाला हात न लावता बाजूचं वाढलेलं मांस काढायचं. ही पद्धत व्हँडेनबॉस आणि बॉवर्स यांनी १९५९ मध्ये मांडली. नख शाबूत राहतं, पण जखम भरायला महिना-दीड महिना लागतो.

पुढे वाचनात आलं की २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात २४ अभ्यास तपासले होते. शस्त्रक्रियेला फेनॉलची जोड दिली तर नख पुन्हा रुतण्याचं प्रमाण बहुधा कमी होतं, असा त्याचा निष्कर्ष आहे.

मी फेनॉलचा मार्ग घेतला. पण आधी डॉक्टरांनी पायाचा रक्तप्रवाह तपासला, साखर आटोक्यात आणायला लावली. म्हणाले, "काका, आणखी उशीर केला असतात तर नखाबद्दल नाही, अंगठ्याबद्दल बोलावं लागलं असतं." ते वाक्य आजही आठवतं. नख मात्र पुन्हा रुतलं नाही.

तेव्हा नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका, बूट पुढून ऐसपैस घ्या. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: मुळाचं काय करणार? आणि मधुमेह असेल तर घरगुती कापाकापी अजिबात नको.

आपल्याच विंगमधला एक तरुण महिनाभर लंगडत जिना चढतोय. नाव घेत नाही. पण बाबा रे, उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जा. हवं तर मी सोबत येतो.