गाळ्यापासून मोठ्या कंपनीपर्यंत : सॉफ्टवेअर विकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो की या वर्षी पोटापाण्याच्या एका नव्या धंद्यावर बोलू. काही मंडळी हसली. गिरणीत साचे चालवलेला माणूस सॉफ्टवेअरच्या विक्रीवर काय बोलणार? त्यांचे हसणे रास्त आहे. पण जरा आपल्या वस्तीत घरोघर बघा. सकाळी पाठीला लॅपटॉपची बॅग लावून विरार लोकल पकडणाऱ्या पोरापोरींपैकी बरीच जण प्रोग्रॅम लिहीत नाहीत, सॉफ्टवेअर विकतात. कुणी दुकानदाराला बिलिंगचे, कुणी दवाखान्याला नोंदींचे, कुणी अँटिव्हायरस, कुणी हिशेबाचे. आईबापांना विचारावे, मुलगा काय करतो? तर म्हणतात, कॉम्प्युटरमध्ये आहे. बस, इतकेच.

ही मुले चार-पाच वर्षांनी एका जागी अडकतात. महिना संपला की टार्गेट पुन्हा शून्यावर. तिशी ओलांडली की कमी पगारावर नवा पोरगा तयार असतो. आम्ही गिरणीत बदली कामगार पाहिले आहेत. पाळीच्या वेळी दारावर उभे राहायचे, काम मिळाले तर मिळाले. एक तारखेला शून्यापासून सुरू होणारी ही नोकरी आम्हांला त्याच वाणाची वाटते. तिच्यातून वर जाण्याची एक वाट म्हणजे मोठी गिऱ्हाइके सांभाळण्याचे काम. बँक, मोठे इस्पितळ, औषधांचा कारखाना, साखळी दुकाने अशी मोजकी गिऱ्हाइके एका माणसाकडे देतात. त्याला कंपन्यांत की अकाउंट मॅनेजर म्हणतात. पगार जास्त, आणि नोकरीला थोडे बूड असते. तिथे आपली मुले कशी पोहोचतील, एवढाच आजचा विषय.

लहान गिऱ्हाईक कसे असते ते वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत फिरणाऱ्या मुलांना आम्ही काय सांगावे! शेठ समोर बसलेला असतो. त्याला पटले तर दोन चहांत सौदा होतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, १ ऑगस्ट २०२३ पासून वर्षाला ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यांनाही ई-इनव्हॉइस लागू झाले, तेव्हा गाळेवाल्यांना कायद्यापोटी सॉफ्टवेअर घ्यावेच लागले. अशा वेळी माल आपोआप खपतो, आणि विकणाऱ्याला वाटते आपल्या जिभेवर खपला. मोठ्या ठिकाणी ही जीभ चालत नाही. तिथे शेठच समोर नसतो.

मोठ्या ठिकाणी खरेदी कशी होते हे आमच्या पिढीतल्या गिरणीवाल्यांना ठाऊक आहे. धोटा विकायला आलेला माणूस घ्या. तो साहेबाच्या केबिनमध्ये कितीही गोड बोलला तरी आधी चार साच्यांवर त्याचा धोटा चालवून बघत. जॉबर सांगे, सूत तुटते की नाही. मग विव्हिंग मास्तरचा शेरा. मग स्टोअरवाला म्हणे, जुना साठा किती आहे. मग खरेदी खाते भाव पाडी, आणि शेवटी हिशेबखाते पैसे अडवी. पाच जागी पाच माणसे, आणि प्रत्येकाची भीती वेगळी. ज्या विक्रेत्याला हे कळे तो आधी जॉबरशी बोले, कारण धोटा वापरणारा तो. ज्याला कळत नसे तो केबिनबाहेरच्या बाकावर महिनोन् महिने बसून राही.

जाता जाता सांगतो. आज गाळोगाळी दिसणारे टॅली हे सॉफ्टवेअरसुद्धा गिरण्यांच्याच आसपास जन्मले. श्यामसुंदर गोयंका हे गिरण्यांना व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. हिशेबासाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलगा भरत याला त्यांनी ते करायला सांगितले, आणि १९८६ साली कंपनी उभी राहिली. गिऱ्हाइकाची अडचण आतून माहीत होती, तिथून माल तयार झाला.

मोठ्या कंपनीला सॉफ्टवेअर विकताना तेच पाच टप्पे येतात, नावे फक्त बदलतात. वापरणारा कारकून, संगणक खात्याचा प्रमुख, माहितीची सुरक्षा बघणारा, खरेदी खाते, आणि पैसे मंजूर करणारा. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. तेव्हापासून आमची माहिती तुम्ही कुठे ठेवता, हा प्रश्न आणखी जोराने विचारतात. बहुतेक कंपन्यांचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाची तरतूद मार्चच्या आधीच ठरते. मार्चअखेर पहिल्यांदा दार ठोठावणाऱ्याला पुढच्या वर्षी या म्हणतात. आणि एवढे होऊन सौदा सहा महिने, वर्षभरही लांबतो.

आता आपल्या नालासोपाऱ्याचीच गोष्ट. बुरुड राजाचा कोट म्हणतात त्या जागी १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन करून स्तूप उजेडात आणला, हे आपण मुलांना सांगतो. पण या शूर्पारकाचा पूर्ण हा भिक्खू होण्याआधी कोण होता? व्यापारी होता. 'दिव्यावदान' या संस्कृत ग्रंथात त्याची कथा आहे. तो दासीचा मुलगा, वाटणीत त्याला काही मिळाले नाही. एका मोळीवाल्याच्या लाकडांत त्याने उत्तम चंदन ओळखले आणि ते घेऊन ठेवले. राजाला दाहज्वर झाला आणि वैद्यांनी तेच चंदन सांगितले, तेव्हा ते पूर्णाकडेच निघाले. पुढे परदेशी व्यापाऱ्यांचे गलबत आले. गावच्या व्यापारी श्रेणीने ठरवले होते की एकट्याने माल घ्यायचा नाही. पूर्णाने विसार देऊन सगळा माल घेतला. श्रेणीने त्याला उन्हात उभे केले. राजाने विचारले, हा नियम करताना तुम्ही पूर्णाला किंवा त्याच्या भावाला बोलावले होते काय? नव्हते बोलावले. राजाने त्याला सोडवले. पुढे राजालाच तो माल हवा झाला, तेव्हा श्रेणीवाले पूर्णाच्या दारात आले.

कथा आहे, इतिहास म्हणून आम्ही तिची साक्ष काढत नाही. पण बघा, ज्यांनी नियम केला त्यांनी आपल्याला बोलावलेच नव्हते, हे आपल्या मुलांना आजही भेटते. मोठ्या गिऱ्हाइकांच्या कामाला कोण जाणार हे पुष्कळदा जेवणाच्या टेबलावर ठरते, आणि त्या टेबलावर आपले कुणी नसते. बाबासाहेब बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आले तेव्हा त्यांनी शेअरबाजाराचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. जात कळल्यावर गिऱ्हाइके यायची थांबली. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाची ही गत. म्हणून आडनावाने काही फरक पडत नाही, असे खोटे आम्ही व्यासपीठावरून सांगणार नाही. पडतो. पण आडनाव लपवून फिरणारी मुले आम्ही पाहिली. त्यांचे अर्धे लक्ष लपवण्यातच जाते आणि कामाला अर्धेच उरते.

इंग्रजीचेही मुलांच्या मनात फार भय आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकले आणि त्यांनी अँटिव्हायरस तयार केला. पुढे ती क्विक हील कंपनी झाली. घरोघरच्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस विकणाऱ्या या कंपनीने नंतर मोठ्या संस्थांसाठी सेक्राईट नावाने वेगळा विभाग उभा केला, आणि २०१६ साली ती शेअरबाजारात आली. म्हणजे कंपनीलासुद्धा लहानाकडून मोठ्याकडे जाताना वेगळी माणसे, वेगळा माल लागला. तोच पोरगा तेच भाषण घेऊन बँकेत गेला तर चालत नाही.

मग करायचे काय? आमच्या माहितीतली एक मुलगी आहे, याच वस्तीतली. चार वर्षे ती लहान दवाखान्यांना सॉफ्टवेअर विकत फिरली. मोठ्या इस्पितळांचे काम मागितले तर वरिष्ठ म्हणाले, तुला जमायचे नाही, तिथे वेगळ्या घरची माणसे लागतात. ती भांडली नाही, रडलीही नाही. एका नर्सिंग होमच्या मालकाची परवानगी घेऊन रविवारी बिलाच्या खिडकीमागे बसू लागली. पेशंटला सकाळी डॉक्टर सोडतो, पण घरी जायला संध्याकाळ का होते? औषधाचे बिल कुठे अडते, विम्याच्या मंजुरीला किती वेळ जातो, सगळे तिने वहीत टिपले. पेशंटचे नाव नाही, आजार नाही, फक्त वेळा. शिवाय आपण विकलेले सॉफ्टवेअर किती दवाखान्यांनी दुसऱ्या वर्षी पुन्हा घेतले, त्याचा हिशेब दुसऱ्या वहीत. दोन्ही वह्या घेऊन ती दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीला गेली. आज तिच्याकडे सहा इस्पितळे आहेत.

त्या दुसऱ्या वहीला आम्ही जास्त मानतो. नवीन किती विकले हे सगळेच सांगतात. विकलेले टिकले किती, हे मोठ्या गिऱ्हाइकांचा साहेब विचारतो, कारण तिथे पहिल्या वर्षापेक्षा पुढच्या नूतनीकरणात पैसा असतो. म्हणून जे सॉफ्टवेअर करीत नाही ते करील असे सांगून विकू नका. गाळेवाला शिव्या देऊन गप्प बसतो, मोठे गिऱ्हाईक करार काढून समोर ठेवते.

आणखी एक. एकच क्षेत्र धरा. इस्पितळ तर इस्पितळ, औषध कारखाना तर औषध कारखाना. आज इकडे उद्या तिकडे केले की कुणाचेच काम आतून कळत नाही. इंग्रजी बोलण्यापेक्षा आधी लिहायला शिका. बैठक झाली की त्याच संध्याकाळी दहा ओळींचे पत्र : काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत. आणि नुसत्या पदाच्या नावावर भुलू नका. मुलाखतीत विचारा की गिऱ्हाइके किती देणार, ती जुनी की नवी, सोबत तांत्रिक माणूस मिळणार का, आणि सौदा वर्ष ओलांडून गेला तर इन्सेंटिव्हचे काय.

हे शेवटचे आईबापांनी नीट ऐकावे. अशा नोकरीत पगाराचा एक भाग बांधलेला आणि एक भाग विक्रीवर असतो. पत्रावर वर्षाचा मोठा आकडा दिसतो, घरी दरमहा येतो तो कमीच. सौदा जुळेपर्यंत सहा-आठ महिने वरचा पैसा येत नाही. त्या आकड्यावर विश्वास ठेवून विरारला फ्लॅट बुक केला, हप्ता सुरू झाला, की पोरगा घाबरून पुन्हा गाळ्यांच्या फिरतीवर येतो. हप्ता बांधलेल्या पगारात बसेल एवढाच घ्या. आणि सहा महिने काहीच विकले नाहीस का, असे जेवताना विचारू नका. मुलींच्या बाबतीत तर बांद्रा-कुर्ला संकुलातून शेवटच्या बैठकीनंतर यायला रात्रीचे दहा वाजतात. स्टेशनवर घ्यायला घरचे कुणी गेले तर ती नोकरी टिकते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

ज्यांना नोकरीपेक्षा स्वतःची लहान कंपनी काढायची आहे त्यांनी एक लक्षात ठेवा. केंद्र सरकारच्या २०१२ च्या धोरणाप्रमाणे केंद्रीय खाती आणि सरकारी कंपन्यांनी आपल्या खरेदीतला ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून घ्यावा असे आहे. २०१६ पासून जेम या सरकारी बाजारपेठेत नोंदणी करता येते. नोकरदाराला याचा उपयोग नाही, मालकाला आहे. कागद मात्र चोख लागतात.

महिला मंडळाच्या परवानगीने पुढच्या चार रविवारी संध्याकाळी विहाराच्या खालच्या खोलीत आम्ही बसणार आहोत. ती इस्पितळवाली मुलगीही येणार आहे. येताना प्रत्येकाने गेल्या वर्षभरातल्या गिऱ्हाइकांची यादी आणावी, कोण टिकले, कोण गेले. मराठीत लिहिली तरी चालेल.

जयभीम. नमो बुद्धाय.