आधी पाहावे, मग नाव ठेवावे
(मंडळाच्या मासिक सभेत वाचलेले भाषण)



मागच्या सभेत लोणच्यांवर भाषण झाले, त्याआधी बचतीवर झाले. आज माझी पाळी. मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल सांभाळणारी बाई. विद्वत्तेचे बोलणे मला जमायचे नाही. पण आमच्या घरात समुद्राच्या पाण्याची काचपेटी आहे आणि तिच्यात न बोलावता आलेल्या एका पाहुण्याने आम्हा सर्वांना बरेच शिकवले. ते मला जमेल तसे सांगते.

काचपेटीचा नाद आमच्या पुतण्याचा. तो शिकायला आमच्याकडे असतो. गोड्या पाण्याचे मासे आपण पुष्कळ घरी पाहतो. खाऱ्या पाण्याची पेटी मात्र निराळी. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार लागतात, आणि तेही आपल्या डब्यातले मीठ चालत नाही, त्यासाठी वेगळे मिश्रण मिळते. पेटीत सच्छिद्र दगड ठेवतात. त्या दगडांच्या भोकांतून नाना जीव राहतात आणि तेच पाणी शुद्ध ठेवतात. म्हणून त्यांना जिवंत दगड म्हणतात. पुतण्याच्या मित्राने आपली जुनी पेटी मोडली, तेव्हा तिच्यातले चार दगड आमच्याकडे आले. पाहुणा आला तो त्या दगडांतून, भाडे न देता.

पंधरा-वीस दिवसांनी रात्री आवाज येऊ लागला. ‘टक्!’ पुन्हा थोड्या वेळाने ‘टक्!’ काचेची बांगडी दगडावर आपटावी तसा. सासूबाई म्हणाल्या, “पेटीची काच तडकते आहे, पाणी घरभर होईल.” काच तर धड होती. मग त्याच आठवड्यात दोन लहान मासे दिसेनासे झाले.

आता घरात काही नाहीसे झाले की पहिला संशय कोणावर जातो, ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पेटीखालचे कपाट रोज पुसतात. त्यांचा नातू सुटीत त्यांच्याबरोबर येई आणि पेटीला नाक लावून बसे. घरात कुजबुज सुरू झाली. “पोराने हात घातला असेल,” असे एकाने म्हटले, “उद्यापासून त्याला आणू नका म्हणावे,” असे दुसऱ्याने. मावशींच्या कानावर ते गेलेच. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून पोर आले नाही. मला ते फार लागले.

पुतण्याचे म्हणणे वेगळे. त्याने वाचून काढले की दगडातून मँटिस श्रिंप नावाचा प्राणी येतो, तो मासे मारतो. त्यावर उपाय म्हणजे दगड उकळायचे. तो माझे मोठे पातेले मागायला आला. मी म्हटले, “आठ दिवस थांब. तू त्याला पाहिलेस का? पाहिल्यावाचून शिक्षा नको.”

बायांनो, पातेले दिले नाही ते किती बरे झाले, हे मला नंतर कळले. अशा दगडांवर बटणासारखे दिसणारे झोअँथिड नावाचे जीव कधी कधी चिकटलेले असतात. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. दगड उकळला तर ते वाफेतून घरात पसरते. परदेशांत अशाने घरची माणसे इस्पितळात गेल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा कोणाच्याही घरी अशी पेटी असेल तर हे लक्षात ठेवा: दगड कधी उकळू नये.

मग मी पाहायला बसले. पहिली गोष्ट, शंख. मँटिस श्रिंपच्या दोन जाती सांगतात, एक भाल्यासारखे टोचणारी आणि दुसरी हातोड्यासारखे ठोकणारी. ठोकणारी असेल तर शंख-खेकड्यांची कवचे फुटलेली सापडतात. आमच्या पेटीतले शंख सगळे धड होते. दुसरी गोष्ट, वाळू. एका दगडाच्या पायथ्याशी रोज सकाळी ताज्या वाळूचा ढीग दिसे, उंदराने बीळ उकरावे तसा. म्हणजे पाहुणा खोदकाम करणारा होता. तिसरी गोष्ट, आवाजाची जागा. पेटीच्या काचेला ठिकठिकाणी कान लावून पाहिले, तर आवाज त्याच दगडाकडून येई.

चौथ्या रात्री घरचे दिवे मालवले आणि बॅटरीला तांबडा जिलेटिन कागद गुंडाळला. रात्री फिरणाऱ्या अशा जिवांना तांबडा उजेड फारसा जाणवत नाही. कोळंबीचा तुकडा दोऱ्याला बांधून बिळापुढे सोडला. साडेअकराच्या सुमारास आधी लांब मिशा बाहेर आल्या, मग तोंड, मग पुढचे पाय.

मी पंचवीस वर्षे बाजारातली कोळंबी सोलते आहे. कोळंबीचे अंग मला पाठ आहे. ही कोळंबीच होती, बोटाएवढी, पण तिची एक नांगी भलतीच मोठी, खेकड्याच्या डेंग्यासारखी, आणि दुसरी अगदी बारीक. पुतण्याने चित्रे काढून ठेवलीच होती. मँटिस श्रिंप ही मुळात खरी कोळंबीच नव्हे. तिचे डोळे देठांवर असतात आणि दोन दिशांना फिरतात. पुढचे दोन पाय आपल्या खंडोबाच्या किड्यासारखे दुमडलेले असतात. आमच्या पाहुण्याचे डोळे बारीक, कवचाखाली झाकलेले. ही होती पिस्तूल श्रिंप.

तिची कथा ऐकण्यासारखी आहे. ती मोठी नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्याची चिळकांडी उडते आणि मागे बुडबुडा होतो. तो बुडबुडा फुटतो त्याचा तो आवाज. नांगीवर नांगी आपटल्याचा नव्हे, हे शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्यांना या कोळंब्यांच्या कडकडाटाने भंडावून सोडले होते. आणखी गंमत अशी की मोठी नांगी तुटली तर लहान नांगी वाढून मोठी होते आणि तुटलेल्या जागी नवी लहान उगवते. तिच्यातल्या काही जाती गोबी नावाच्या माशाबरोबर बिऱ्हाड करतात. कोळंबीने बीळ खणायचे आणि तिला नीट दिसत नाही म्हणून माशाने दारात पहारा करायचा. तिची मिशी माशाच्या अंगाला लागलेली असते. धोका दिसला की मासा शेपटी हलवून इशारा करतो.

मग मासे गेले कुठे? पिस्तूल श्रिंप एखादा लहान जीव मारू शकते, म्हणून तिलाही मी लगेच सोडले नाही. रविवारी कपाट पुढे ओढले. मागे एक मासा वाळून पडलेला होता. दुसरा गाळणीच्या कप्प्यात अडकलेला सापडला. दोन्ही उडी मारून गेले होते. पेटीवर झाकण नव्हते, एवढेच कारण. पुतण्याने जाळीचे झाकण बसवले, त्यानंतर एकही मासा गेला नाही.

त्या संध्याकाळी सर्वांसमक्ष मी मावशींना वाळलेला मासा दाखवला आणि म्हटले, “नातवाला उद्या घेऊन या, कोळंबी दाखवायची आहे.” ज्यांनी कुजबुज केली होती त्यांनीही “आणा, आणा” म्हटले. पोर आले. आता रोज ‘टक्’ झाले की तेच आधी सांगते.

एक विनंती. हौसेपायी समुद्रकाठचे दगड किंवा प्रवाळ उचलून आणू नका. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. दुसऱ्याच्या पेटीतले दगड घेतले तर ते काही आठवडे वेगळ्या भांड्यात खाऱ्या पाण्यात ठेवावे आणि रात्री तांबड्या उजेडात पाहावे. कोणी नकोसा पाहुणा असेल तर दगड बादलीवर धरून भोकात थोडा साधा सोडा ओतला की तो बहुधा आपण होऊन बाहेर येतो.

आपल्या मराठीत ‘नाव ठेवणे’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. बारशाला ठेवतो ते एक आणि शेजारणीला ठेवतो ते दुसरे. दोन्ही करण्याआधी नीट पाहावे, एवढेच माझे सांगणे.