भूलतज्ज्ञ कसा घडतो?



घरातल्या कुणाचे ऑपरेशन ठरले की आपण सर्जनची चौकशी दहा ठिकाणी करतो. भूल कोण देणार, हे क्वचितच विचारतो. पण एकदा पूर्ण भूल दिली की रुग्णाचा श्वास भूलतज्ज्ञाच्या हाती जातो. हा तज्ज्ञ घडतो तो एमबीबीएसनंतरच्या तीन वर्षांच्या निवासी शिक्षणात. या तीन वर्षांविषयी मला एकच मुद्दा मांडायचा आहे. किती वर्षे काढली आणि लॉगबुकात किती केसेस भरल्या, यावरून शिक्षण मोजता येत नाही. क्वचित येणारे संकट कसे हाताळायचे हे मुद्दाम शिकवावे लागते, आणि ते आले की नाही हे तपासावे लागते.

16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्यानंतर कित्येक वर्षे भूल देणे हे हाताशी असलेल्या कनिष्ठावर सोपवण्याचे काम होते. 1927 मध्ये राल्फ वॉटर्स अमेरिकेतल्या मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात आले आणि त्यांनी या विषयाच्या निवासी शिक्षणाला शिस्तबद्ध रूप दिले. झालेल्या केसेसवर सर्वांनी बसून नियमित चर्चा करायची, हा त्या शिक्षणाचा कणा होता. म्हणजे काम केल्याने आपोआप शिकणे होत नाही, ही जाण या विद्याशाखेच्या पायातच आहे.

आता एक कृती जवळून पाहू. भूल देण्याआधी सुमारे तीन मिनिटे मास्कमधून ऑक्सिजन देतात, म्हणजे फुप्फुसात प्राणवायूचा साठा होतो. मग भुलीच्या औषधांनी श्वास थांबतो. निवासी डॉक्टर डाव्या हातात लॅरिंगोस्कोप धरतो, जीभ बाजूला सारतो, दातांवर जोर न देता पाते वर उचलतो, स्वररज्जू दिसताच श्वासनलिकेत नळी सरकवतो आणि कॅप्नोग्राफच्या पडद्यावर कार्बन डायऑक्साइडची लाट उमटते का ते पाहतो. निरोगी प्रौढाच्या बाबतीत या कामाला काही मिनिटे मिळतात. गरोदर किंवा स्थूल रुग्णाचा साठा फार लवकर संपतो. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवख्या निवासी डॉक्टरांना नळी घालण्यात नव्वद टक्के यश मिळवायला सरासरी 57 प्रयत्न लागले. पण त्यातल्या 18 टक्क्यांना ऐंशी प्रयत्नांनंतरही मदत लागत होती. त्यांच्या लॉगबुकांत आकडा सारखाच दिसला असता. हात मात्र सारखे नव्हते.

आणि हात तयार झाले तरी काम संपत नाही. जेफ्री कूपर आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये भूल देतानाच्या टाळता येण्याजोग्या प्रसंगांचा अभ्यास मांडला; त्यातल्या 82 टक्के प्रसंगांत मानवी चूक होती, उपकरणांचा उघड बिघाड त्यापेक्षा खूपच कमी. 2005 मध्ये इंग्लंडमध्ये एका निरोगी स्त्रीला साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिली आणि श्वासमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचेच प्रयत्न करत राहिले. परिचारिकेने गळ्यातून मार्ग करण्याचे साहित्य आणून ठेवले होते; ते वापरलेच गेले नाही. काही दिवसांनी ती स्त्री दगावली. तिथे कौशल्य कमी नव्हते. ‘आता हे थांबवा, दुसरा मार्ग घ्या’ असे म्हणण्याचा क्षण निसटला. वरिष्ठांसमोर ‘सर, ऑक्सिजन उतरतोय’ हे ठामपणे म्हणणेसुद्धा शिकवावे लागते.

संकटाचा असा मुद्दाम सराव करून घ्यावा, यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की आपल्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांची एवढी गर्दी असते की वेगळ्या सरावाची गरजच काय? गर्दी नेहमीच्या गोष्टी पक्क्या करते, हे मान्य. पण क्वचित येणारे संकट ड्युटीचा तक्ता पाहून येत नाही. शिवाय सलग जागलेला मेंदू शिकतो कमी आणि चुकतो जास्त. सलग काम एरवी बारा तासांहून अधिक नसावे, असा केंद्र सरकारचा निर्देश 1992 पासून आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. भूल शिकवण्यासाठी संगणकावर चालणारा पुतळा कॅलिफोर्नियात 1967 मध्येच तयार झाला होता, आणि असे पुतळे महाग असतात हे खरे. पण सरावाला साधा पुतळा, रिकामे थिएटर, एक तास आणि नंतर ‘त्या क्षणी तुम्ही काय विचार केला?’ असे विचारणारा शिक्षक पुरतो. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: ग्रामीण भागात भूलतज्ज्ञच नाहीत, मग निकष कडक कशाला? याच टंचाईमुळे एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या प्रसूती शस्त्रक्रियांसाठी भूल शिकवणारे अठरा आठवड्यांचे सरकारी प्रशिक्षण सुरू झाले. एवढ्या थोड्या काळात काही शिकवायचे तर काय यायलाच हवे हे आधी ठरवावे लागते. म्हणून टंचाईतून निकषांची गरज वाढते.

क्षमतेवर आधारित अभ्यासक्रम आपल्याकडे कागदावर आला आहे. आता निवासी डॉक्टरांना तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेतही काम करावे लागते. तिथे मध्यरात्री सिझेरियनसाठी बाई टेबलावर असेल आणि नळी जात नसेल, तर त्या डॉक्टरने पुढची पायरी आधी कधीतरी, कुणाचाही जीव पणाला न लावता, करून पाहिलेली असली पाहिजे. प्रत्येक महाविद्यालयाने आठवड्यातला एक तास या सरावासाठी राखून ठेवावा, आणि त्या तासाला निवासी डॉक्टरला ड्युटीवर बोलावू नये. त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार आपणा सर्वांना आहे, कारण त्या टेबलावर उद्या आपल्याच घरातले कुणी असेल.