पित्ताची गोळी आणि पोराचे वजन
(कामगार कुटुंब मेळाव्यातील भाषण)



महागाई भत्ता आणि रिक्त जागा यांवर आम्ही नेहमीच बोलतो. आज पोरांच्या पोटाविषयी बोलणार आहोत. दहावी-बारावीची मुले सांगतात, छातीत जळजळते, आंबट ढेकर येतात, पोट साफ होत नाही. आपण कपाटातली पित्ताची गोळी देतो आणि ड्यूटी गाठतो. पोराचे वजन वाढलेले दिसत असते. ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून त्याचे कौतुकच होते.

या दोन्ही गोष्टींचा संबंध आहे. पोटातली चरबी जठरावर दाब आणते, जठराच्या तोंडाशी असलेली झडप ढिली पडते आणि आम्ल वर चढते. गोळीने जळजळ थांबते, दाब तसाच राहतो. लठ्ठ मुलांत, विशेषतः मुलींत, पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही जास्त.

सर्वांत फसवे दुखणे यकृताचे. दारूला कधी न शिवलेल्या पोराच्याही यकृतात चरबी साठते. बहुधा दुखत नाही, म्हणून कळत नाही. रक्तातले एस.जी.पी.टी. आणि सोनोग्राफी यांवरून डॉक्टरांना अंदाज येतो. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर काहींचे यकृत कायमचे निकामी होऊ शकते.

२०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाची ५ टक्के मुले जादा वजनाची आढळली, २४ टक्के हडकुळी. यावरून कोणी म्हणेल, हा साहेबलोकांचा रोग. क्वार्टर्समध्ये फिरून बघा! बाप नाइटला, नाहीतर आर.एम.एस.मध्ये रात्रपाळीला, घरात जेवणाची एक वेळ नाही. पोराच्या हातातल्या दहा रुपयांत चिप्सचे पाकीट येते. ३०० मि.लि. थंड पेयात सुमारे ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. खेळायला जावे तर कॉलनीच्या मैदानावर भंगार पडलेले. अशा पोराला आळशी म्हणून हिणवणे आम्हाला पटत नाही.

घरी एक टेप घ्या. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला तर मुलाला दवाखान्यात दाखवा. डोळे पिवळे, शौच काळे किंवा उलटीत रक्त दिसले तर त्याच दिवशी. उपाशी मात्र ठेवू नका, वजन झपाट्याने उतरले तरी पित्ताचे खडे होतात. वाढीच्या वयात पुष्कळदा वजन आहे तिथे थोपवले, की उंची वाढेल तसा फरक पडतो. भाकरी, उसळ, पालेभाजी आणि रोज तासभर घाम. पावडरींच्या जाहिरातींवर पगार उधळू नका.

आता प्रशासनाकडे. आपली पी.एम.ई. ठरल्या मुदतीत होते, कारण गाडी चालली पाहिजे. मेडिकल कार्डावर नाव असलेल्या मुलांचे वजन, उंची आणि कंबर वर्षातून एकदा मोजायला काय हरकत आहे? टपालातल्या साथींनी सी.जी.एच.एस.कडे हीच मागणी लावावी. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत असा केंद्राचा २०२० चा नियम आहे. कॉलनीतल्या शाळेपुढची टपरी किती अंतरावर आहे, ते शाखेने मोजून कळवावे. मैदानावरचे भंगार हलवण्याचा विषय आम्ही पुढच्या पी.एन.एम.च्या अजेंड्यावर घालत आहोत.