‘पत्रदाना’कडून प्रयोगशाळेकडे
(आरोग्यविषयक व्याख्यानाचा संक्षेप)



जखम भाजल्याची असो वा मधुमेही रुग्णाच्या तळपायाची, रुग्णाला धास्ती असते ती पट्टी बदलण्याची. सुके कापड जखमेला चिकटते आणि काढताना नुकतीच धरू लागलेली कोवळी त्वचाही ओढून नेते.

सुश्रुताचार्यांनी व्रणाचे ६० उपक्रम सांगितले. त्यांत व्रण पानाने झाकण्याचा ‘पत्रदान’ हाही एक आहे. हा विचार ग्रंथातच राहिला नाही. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली. तो अनुभव १९८५ साली प्रसिद्ध झाला. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांची पट्टी सिद्ध केली, बटाट्याच्या पट्टीशी तिची तुलना केली आणि २००३ साली निष्कर्ष जगापुढे ठेवले. पान गुळगुळीत, ते चिकटत नाही, ओलावा राखते आणि गरिबालाही परवडते.

आपल्या ज्ञानाचा अभिमान नोंदीने व परीक्षणानेच टिकतो. जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे एकस्व अमेरिकेने १९९५ साली दिले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. तेथे उपयोगी पडले ते संस्कृत ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ सालचा लेख. केवळ ‘आमची आजी हळद लावीत असे’ एवढे म्हणून भागले नसते.

म्हणूनच एक कळकळीची विनंती. परसातले पान तसेच जखमेवर बांधू नका. रुग्णालयातील पान निर्जंतुक केलेले असते. मधुमेहात पायाची संवेदना मंदावते, रक्तपुरवठा घटतो आणि वेदना नसल्याने जखम क्षुल्लक वाटते. रक्तातील साखर आटोक्यात आणणे, पायावरचा भार काढणे, मृत पेशी काढून टाकणे हे आधी, पट्टी त्यानंतर. घरगुती लेपांत दवडलेले दिवस पाय गमावण्यास कारण होऊ शकतात. घरातील वडीलधाऱ्यांचे तळवे रोज रात्री स्वतः पाहा, आणि व्रण दिसताच वैद्यांकडे वा डॉक्टरांकडे न्या. चरणसेवेचा संस्कार आपल्याकडे आहेच. आज तिचे हेच रूप आवश्यक आहे.