पोटातले जुने भाडेकरू
(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



लिफ्ट, पाण्याची टाकी आणि पार्किंग यांवर आजवर पुष्कळ बोलून झाले. आज जरा वेगळा विषय घेतो. संस्था पंचवीस वर्षांची झाली, म्हणजे आपणही तेवढेच पुढे सरकलो. पन्नाशीत राहायला आलेले आता पंच्याहत्तरीत आहेत. तेव्हा बोलू या आपल्या पोटातल्या भाडेकरूंविषयी.

आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. बहुतेक सज्जन. अन्न पचवायला मदत करतात, उपद्रवी जंतूंना जागा मिळू देत नाहीत. पण अँटिबायोटिक चांगला-वाईट बघत नाही. सज्जन मरतात, औषधाला न जुमानणारे उरतात आणि रिकाम्या झालेल्या खोल्यांत हातपाय पसरतात. शिवाय ही कला ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. 2008 साली भारतात रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात हेच दिसले. लघवीतल्या क्लेब्सिएला जंतूत अत्यंत राखीव औषधेही निकामी करणारा एनडीएम-1 हा जनुक सापडला, आणि तोच जनुक त्याच्या शौचातल्या ई. कोलाय जंतूतही होता.

आता हे आपल्या वयाला जास्त का लागू? आयुष्यभरात आपले कोर्स जास्त झालेले, रुग्णालयाच्या फेऱ्या जास्त, कुणाला कॅथेटर लागलेला. असे जंतू पोटात गुपचूप राहतात, काही त्रास देत नाहीत. पण तेच मूत्रमार्गात शिरले की कल्चर रिपोर्टवर औषधांच्या नावापुढे ‘आर’, ‘आर’, ‘आर’ अशी रांग लागते. ‘आर’ म्हणजे हे औषध चालणार नाही. मग साध्या गोळीचे काम सलाईनमधून द्यायच्या इंजेक्शनवर जाते.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने 1945 च्या नोबेल व्याख्यानातच सावध केले होते, की औषध अपुरे घेतले तर जंतू निर्ढावतील. आपल्याकडेही 2014 पासून अनेक अँटिबायोटिक्स ‘शेड्यूल एच-1’मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत, आणि दुकानदाराने विक्रीची नोंद ठेवायची. तरी आपण फोनवर म्हणतोच, “अरे, मागच्या वेळची तीच स्ट्रिप पाठव!”

म्हणून चार गोष्टी सांगतो. सर्दी आणि साधा फ्लू विषाणूंमुळे होतो, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. साखर द्या, विरजण द्या, हे नको. लघवीच्या रिपोर्टात जंतू दिसले पण त्रास काहीच नाही, तर बऱ्याचदा औषध लागत नाही. डॉक्टरांना तसे स्पष्ट विचारा. आणि शौचानंतर व जेवणाआधी साबणाने हात धुवा, कारण हे जंतू हातावरूनच घरभर फिरतात.

मात्र घाबरून गरजेचे औषध टाळू नका. थंडी वाजून ताप आला, माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, तर वेळ दवडू नका. डॉक्टरांनी दिलेला कोर्स मनाने कमी-जास्त करू नका.

बँकेत आम्ही राखीव निधीला सहजासहजी हात लावत नसू. अँटिबायोटिक हा आपल्या नातवंडांसकट सगळ्यांचा सामाईक राखीव निधी आहे. तो जपून वापरू या.