घरची भाषा आणि मुलाची वाचा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपण एका वाचोपचारकास पाचारण केलेत, याचे आम्हांस प्रथम नवलच वाटले. वस्तुतः या व्यासपीठावर एखाद्या साहित्यिकाने बोलावे. परंतु ज्या भाषेसाठी हे मंडळ पन्नास वर्षे झटले, ती मुलांच्या जिभेवर कशी रुजते आणि कोठे अडते, हे पाहण्यातच आमचे आयुष्य गेले. त्यातील एका चुकीची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

आमच्या विषयाचे शिक्षण देणारी अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ साली म्हैसूर येथे स्थापन झाली. मुंबईत अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ साली उभी राहिली. सरकारी शाळांत मात्र आमचे काम बहुधा कोठीच्या खोलीत चालते. सामग्री म्हणाल तर एक आरसा, चित्रांचे पत्ते आणि एक चमचा! शिक्षकांनी नाव दिलेल्या मुलाचे प्रथम कान तपासावयाचे. कारण जे कानी पडत नाही ते ओठी येत नाही. वारंवार सर्दी होऊन पडद्यामागे पाणी साठलेले मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून मागच्या बाकावर बसविलेले आम्ही कित्येकदा पाहिले आहे.

त्यानंतर उच्चार. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणे दोन वर्षांच्या बाळास शोभते. शाळेत जाणाऱ्या मुलाचे तेच राहिले, तर साहाय्य हवे. चमच्याच्या दांड्याने जिभेचे टोक हलकेच खाली धरले, की मागचा भाग उचलला जातो आणि ‘क’ उमटू लागतो. मग अक्षर, शब्द, वाक्य, गोष्ट अशा पायऱ्या चढावयाच्या. काम चिकाटीचे आहे. वेखंड उगाळून जिभेस लावण्याने ते होत नाही. वाट पाहण्यात मोलाचा काळ मात्र जातो.

आता ती हकीकत. प्रारंभीच्या वर्षांत, याच कर्नाटकात, एक मराठी माता आपल्या पाच वर्षांच्या मुलास घेऊन आमच्याकडे आली. घरी मराठी, अंगणात कन्नड, शाळेत इंग्रजी. मुलगा शाळेत अवाक्षर काढीत नसे. शिक्षकांचा सल्ला होता, घरी इंग्रजीच बोला. आम्हीही त्याला दुजोरा दिला. त्या काळी तोच शहाणपणा समजला जाई.

त्या माउलीने आज्ञा तंतोतंत पाळली. तिचे इंग्रजी बेताचे. निजताना गोष्टी सांगणारी आई आता ‘ईट’, ‘स्लीप’, ‘कम’ एवढेच बोलू लागली. सहा महिन्यांनी ती परत आली. शाळेतले मौन तसेच होते, आणि आता घरही मुके झाले होते. सातारहून आलेल्या आजीशी नातू काहीच बोलेना. “आजीला वाटतं, तो तिच्यावर रुसलाय,” असे ती म्हणाली. ते वाक्य आम्ही अद्याप विसरलो नाही.

आम्ही आपली चूक कबूल केली आणि आजीलाच खोलीत बोलाविले. तिने चित्रांचे पत्ते हाती घेऊन नातवाशी मराठीत गप्पा आरंभिल्या. तिसऱ्या दिवशी तो बोलू लागला, अगदी धडधडीत वाक्यांत! त्याच्या वाचेत दोष नव्हताच. नव्या भाषेपुढे तो काही काळ गप्प झाला होता, इतकेच.

तेव्हापासून आम्ही एक कसोटी पाळतो. भाषेचा खरा दोष मुलाच्या सर्व भाषांत दिसतो. एकाच भाषेत दिसते ती बहुधा अपुऱ्या सरावाची उणीव असते. इकडे वाढलेला नातू ‘चमचा’तील ‘च’ ‘चिमणी’तील ‘च’सारखा उच्चारतो, तेव्हा पुण्याचे नातलग हसतात. तो दोष नव्हे, शेजारच्या भाषेचा रंग होय. दोन-तीन भाषा कानी पडल्याने वाचा बिघडत नाही की तोतरेपणा जडत नाही. तोतरे बोलणाऱ्या मुलास ‘सावकाश बोल’ म्हणून टोकू नये. त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे. आणि ज्याला खरोखरच दोष आहे, त्याच्या घरची भाषा काढून घेतल्याने उपचारास मदत होत नाही. त्याचा आधार तेवढा जातो.

शेवटी मंडळास एक विनंती. परप्रांतातील वाचोपचारकास मराठी येईलच असे नाही. आणि घरच्या भाषेत न तपासलेल्या मुलाविषयी निदान करणे म्हणजे अंधारात चाचपडणे. आपल्यातील निवृत्त मंडळींनी, आजी-आजोबांनी, अशा मुलाशेजारी तासभर बसून त्याच्याशी बोलावे आणि तो काय म्हणतो ते उपचारकास समजावून द्यावे. यास पदवी लागत नाही, वर्गणीही लागत नाही. आम्हांस ही मदत एका आजीने केली होती.